रिकामी ओळ

गेल्या आठवड्यात मी आमच्या लॅबमधल्या एका नव्या मुलीवर इतकी ओरडले की बाजूच्या गाळ्यातला वॉचमन येऊन डोकावून गेला. चूक म्हटली तर एवढीशी. तिने प्लेटमध्ये रिकामी ओळ ठेवली नव्हती. "मॅडम, एका ओळीने असा काय फरक पडतो?" असं ती म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. कारण हेच वाक्य, याच सुरात, मी एकदा भोईर सरांना ऐकवलेलं. डोळे पुसत ती विचारते, "कोण भोईर सर?" घ्या! ज्या माणसाने ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या या गाळ्यात अख्खी नोकरी काढली, त्याला जाऊन दीड वर्ष झालं नाही तर नावही कुणाला माहीत नाही. मग मी तिला चहा पाजला आणि सांगायला बसले. तिला सगळं सांगितलं नाही. इथे सांगते.

आधी आमचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हल्ली मलमांत, जखमेवरच्या पट्ट्यांत चांदीचे, जस्ताचे, काचेचे फार बारीक कण घालतात. नॅनो म्हणतात त्यांना. एका केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील इतके बारीक. ते जंतू मारतात, जखम भरायला मदत करतात, सगळं खरं. पण जो कण जंतूला मारतो तो आपल्या पेशीला सोडेल कशावरून? ते तपासणं हे आमचं काम. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये चण्याएवढी छोटी छोटी घरं असतात. त्यांत उंदराच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर ते कण सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करते, मेलेली करत नाही. जांभळं जास्त म्हणजे जिवंत जास्त. मशीन रंग मोजतं, आकडा देतं, आपण रिपोर्टवर सही करतो.

आता यातली मेख. काही कण लबाड असतात. पेशी नसली तरी ते स्वतःच त्या पिवळ्याचं जांभळं करून टाकतात. म्हणजे घरातले सगळे मेलेले आणि मशीन म्हणतं, छान आहेत, मजेत आहेत. म्हणून प्लेटमधली एक ओळ रिकामी ठेवायची. त्यात पेशी घालायच्याच नाहीत, नुसते कण आणि रंग. ती ओळ पिवळी राहिली तर आकडा खरा. जांभळी झाली तर कण खोटं बोलतायत. भोईर सर त्या ओळीला साक्षीदार म्हणायचे. दिवसातून दहा वेळा, येता जाता, जेवणाचा डबा उघडता उघडता विचारायचे, "बाय, ओळ ठेवलीस ना?"

सर कोलशेतचे. आगरी घर, चार पिढ्या मिठागरावर काम केलेली. मग जमिनीला भाव आला, खाडीच्या अंगाला टॉवर उभे राहिले आणि भोईरांच्या दारात पांढऱ्या गाड्या लागल्या. दोघा भावांच्या गळ्यात बोटभर जाडीच्या चेनी. आमचे सर मात्र जुन्या स्कूटरवरून यायचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक कायम गळकं. लग्न केलं नाही. पगाराची त्यांना गरज नव्हती, हे आमच्या मालकांनाही ठाऊक होतं, म्हणून मालक त्यांना जरा टरकून असायचे. ज्याला नोकरी गेल्याची भीती नाही त्याला दटावणार कसं?

पेशी तीन दिवस उपाशी राहिल्या की त्यांचं गुलाबी पाणी पिवळं पडतं. सर काचेतून बघूनच सांगायचे, "भुकेल्यात." मग ती गणपतीची सुट्टी असो की लक्ष्मीपूजन, स्कूटर काढून हजर. कोलशेतची पोरं टिंगल करायची, पण सर हसून सोडून द्यायचे. एरवी बोलणं कमी. माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला तासभर मायक्रोस्कोपला बसवलं. मी वैतागून म्हटलं, "सर, मशीन आकडा देतं ना?" तर म्हणाले, "आमची आई मावरं घेते तेव्हा कल्ले उघडून बघते. कोळीण काय भाव सांगते ते नंतर. तू आधी तोंड बघ, मग आकडा." मला आला राग. एमएस्सी करून मी इथे मासळी बाजाराचे धडे घ्यायला आलेले का? पण बघत राहिले. चांगल्या पेशी कशा लांबट, एकमेकींना धरून पसरलेल्या असतात. मरायला लागल्या की गोल होतात, हात सोडतात आणि तरंगायला लागतात. एकदा ते दिसलं की विसरता येत नाही.

एकदा माझ्या हलगर्जीपणामुळे अख्खी बाटली जंतूंनी खराब झाली. मी तयारीत होते, आता बोलणी खाणार. सरांनी बाटली उजेडात धरली, "गेल्या," एवढंच म्हणाले आणि त्यात ब्लीच ओतलं. घरात कुणी गेल्यावर माणसं जसं म्हणतात, तसं. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं, त्यांच्या पुतणीच्या हळदीच्या दिवशी. आगऱ्यांची हळद म्हणजे काय ते ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. अख्खं गाव जेवायला, डीजे, नाच, लग्नापेक्षा हळदीचाच थाट मोठा. त्या संध्याकाळी मी एकटी प्लेट लावत होते, तर काचेपलीकडे सर उभे. कपाळाला हळद, कानामागे हळद, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. फोनवर भाऊ इतका ओरडत होता की मला आतपर्यंत ऐकू आलं. "क रं, हलदीच्या दिशी पन लॅब? तुजी पोरा उपाशी रडतान का तथं?" सर आत आले नाहीत. हळदीचा कण प्लेटमध्ये गेला तर तीही रंगाचा घोळ करते. बाहेरूनच, काचेला हात न लावता, त्यांनी विचारलं, "ओळ ठेवलीस?"

"सर, प्लेटा कमी पडतायत. एका ओळीने असा काय फरक पडतो? तुम्ही जा ना, तिकडे वाट बघत असतील."

त्यांचा चेहरा असा काही झाला की माझ्या हातातलं थेंब सोडायचं पिपेट थांबलं. "टाक ती प्लेट," ते ओरडले. "सगळी टाक! परत लाव. मी इथून हलत नाय." आणि खरंच हलले नाहीत. दोन तास ते तिथे उभे होते, तिकडे पुतणीची हळद काकाशिवायच पार पडली. मी रडत, मनातल्या मनात शिव्या घालत प्लेट परत लावली. त्यांनी जाताना एवढंच विचारलं, "तू डोंबिवलीला राहतेस ना? रविवारी वेळ आहे?"

त्या रविवारी त्यांनी मला जिथे नेलं ती डोंबिवली पश्चिमेतली एक जुनी बिल्डिंग. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात दिवसासुद्धा अंधार. दार उघडलं ते एका ठेंगण्या, हसऱ्या बाईंनी. "आलात भोईर? या, हे वाटच बघतायत." आत खाटेवर एक गोरे, किडकिडीत आजोबा. दातार मास्तर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. उजवा पाय घोट्याच्या वर कापलेला, डाव्या पायाला चवड्याखाली जखम. मधुमेह. सरांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले, पिशवीतून गॉज काढलं आणि जमिनीवर बसून मास्तरांच्या डाव्या पायाची पट्टी बदलायला घेतली. इतक्या हलक्या हाताने की मास्तर मला सुदोकू समजावून सांगत राहिले, त्यांना काही जाणवलंही नाही.

"बघ गं मुली," मास्तर म्हणाले, "पोटच्या पोराने केलं नसतं ते हा माणूस करतो. सहा वर्षं झाली. ना ओळख, ना पाळख. हॉस्पिटलात भेटले आणि येतच राहिले. देवमाणूस आहे."

सरांनी मान वर केली नाही. गाठ मारली, कडेने टेप लावला.

खाली उतरल्यावर स्कूटरला टेकून त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी एक चांदीच्या कणांची पट्टी आमच्याकडे तपासायला आलेली. ते कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर एक लेप होता. ज्या दिवशी आकडे घ्यायचे त्या दिवशी सरांच्या धाकट्या भावाची हळद. घरून फोनावर फोन. रिकामी ओळ ठेवायला प्लेट उरली नव्हती, मायक्रोस्कोपखाली बघायला वेळ नव्हता. मशीनने आकडा झकास दिला. हळद लावून परत येऊन, त्याच हातांनी सरांनी रिपोर्टवर सही केली. फाइलमधल्या त्या कागदावर अजून अंगठ्याएवढा पिवळा डाग आहे. मी नंतर जाऊन बघितला.

मग त्या पट्टीची एका हॉस्पिटलात मोजक्या पेशंटवर चाचणी सुरू झाली. काही आठवड्यांनी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला, तुम्ही सुरक्षित म्हणताय तर जखमेच्या कडा पांढऱ्या का पडतायत? सरांनी त्याच दिवशी चाचणी परत लावली, या वेळी रिकामी ओळ ठेवून. ओळ जांभळी झाली, गर्द. तो लेपच रंग बदलत होता. आणि मायक्रोस्कोपखाली पेशी सगळ्या गोल, सगळ्या तरंगत.

"मी रिपोर्ट मागे घेतला. सगळ्यांना लिहिलं. चाचणी थांबली. बाकीच्यांच्या जखमा साध्या पट्टीने भरल्या. मास्तरांची नाय भरली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, साखर एवढी होती की पाय कदाचित तसाही गेला असता." सर हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिले. "कदाचित. या कदाचितला रिकामी ओळ नाय ना बाय. तो पाय ती पट्टी न लावता कसा राहिला असता, ते बघायचं कुठे?"

"आणि मास्तरांना हे..."

"नाय सांगितलं."

मी तिथल्या तिथे भांडले. माझा स्वभावच तसा, पोटात काही राहत नाही. म्हटलं, सर, सहा वर्षं तुम्ही देवमाणूस म्हणवून घेताय, हे बरोबर आहे का? सांगून टाका ना! ते म्हणाले, "सांगितलं तर मला बरं वाटेल. त्यांना काय मिळेल? आणि मग त्या डाव्या पायाची पट्टी कोण बदलणार? काकूंना दिसत नाय नीट." मला ते तेव्हा पळवाट वाटली. पुढे दर सोमवारी मी डब्याच्या वेळी टोचायचे, "सांगितलंत?" ते विषय बदलायचे, "ओळ ठेवलीस?"

अशी दोन वर्षं गेली. माणकोलीचा पूल झाला, सरांचा रविवारचा फेरा सोपा झाला. अधूनमधून मीही जायचे. मास्तरांचा माझ्यावर जीव जडला, काकू मला थालीपीठ खायला घालायच्या.

त्याच सुमारास आमच्याकडे एक नवी पट्टी तपासायला आली. हिच्यात काचेचे कण होते, शरीरात हळूहळू विरघळणारी काच. सरांनी ती तीनदा तपासली. रिकामी ओळ पिवळीच्या पिवळी. मायक्रोस्कोपखाली पेशी लांबट, हात धरून पसरलेल्या. तरी समाधान नाही म्हणून रंगाच्या भरवशावर न राहता त्यांनी पेशी एकेक करून हाताने मोजल्या. "बाय, ही खरंच चांगली आहे," ते म्हणाले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलेले नव्हते.

आणि त्या रविवारी मास्तरांनी उशीखालून एक कागद काढला. डाव्या पायाची जखम वाढत चाललेली. हॉस्पिटलने त्यांना नव्या पट्टीच्या चाचणीत भाग घ्याल का म्हणून विचारलं होतं. त्यांनी पट्टीचं नाव वाचून दाखवलं. तीच, आमची काचेची पट्टी.

"मागच्या वेळी सही केली आणि पाय गेला," मास्तर म्हणाले. "म्हणून घाबरतो. पण भोईर, तुम्ही या क्षेत्रातले. तुम्ही कर म्हणालात तर डोळे मिटून करतो. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

सर जमिनीवर बसलेले होते, पट्टी अर्धी गुंडाळलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करावं? मी मान हलवली. सांगा, अशी. देवा, ती मान मी का हलवली! नुसतं 'करा सही' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पट्टी चांगली होती. पण ज्याच्या विश्वासावर समोरचा पाय पणाला लावतोय, त्याने कोण आहोत ते न सांगता 'करा' म्हणायचं, हे सरांच्याने होण्यासारखं नव्हतं. त्यांनी सांगितलं. चांदीची पट्टी, हळद, सही, सगळं. एकदाही आवाज चढला नाही की दाटला नाही. पट्टी हातात तशीच धरलेली.

काकू कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. मग शाळेत फळ्यापाशी विचारावं तसं मास्तरांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही ताळा केला नाहीत?"

"नाही मास्तर."

"पाचवीतल्या पोरालासुद्धा मी ताळा केल्याशिवाय मार्क दिले नाहीत हो. उत्तर बरोबर असलं तरी." त्यांनी कागदाची घडी घातली आणि काकूंकडे दिली. "शैला, हे रद्दीत टाक."

"मास्तर, मला दारातही उभं करू नका," सर म्हणाले, "पण त्यावर सही करा. ही पट्टी खरंच चांगली आहे. मी स्वतः..."

"तेव्हाही तुम्ही स्वतःच केलं होतंत ना?"

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "ती पट्टी अर्धी राहिली आहे. तेवढी पूर्ण करा, आणि जा. परत येऊ नका." सरांनी पट्टी पूर्ण केली. नेहमीसारखीच, हलक्या हाताने, गाठ कडेला घेऊन, म्हणजे झोपेत रुतायला नको. मग उठले आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले. मी मागून हाका मारत होते.

मी मास्तरांना समजावलं, काकूंनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. नाही म्हणजे नाही. गणिताच्या मास्तरांना एकदा चुकलेल्या माणसाचं दुसरं उत्तर नको होतं. पावसाळ्यात पाय काळा पडला आणि श्रावणात तोही कापला, या वेळी गुडघ्याच्या वर. त्या नव्या चाचणीतल्या बऱ्याच जणांच्या जखमा भरल्या, असं आम्हाला नंतर कळलं. मास्तरांचीही भरली असती का? कदाचित. परत तेच.

मी सरांची माफी मागितली. म्हटलं, सर, मी मागे लागले नसते तर... ते प्लेटमध्ये थेंब सोडत होते. "सांगायचंच होतं," म्हणाले. "उशीर माझा झाला, तुझा नाय." आणि थोड्या वेळाने, "ओळ ठेवलीस?"

मी मात्र रविवारी मास्तरांकडे जात राहिले. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. गुडघ्यावरच्या त्या जखमेची पट्टी मी बदलायचे, सरांनी शिकवलं तशी. गॉज, कापूस, टेप सगळं घरात कायम तयार असायचं. काकू कुठून आणतात ते मी कधी विचारलं नाही.

मग एका रविवारी संध्याकाळी मी पट्टी सोडत असताना बेल वाजली. दार खाटेवरून दिसत नाही, पण मी बसले होते तिथून दिसायचं. काकूंनी दार उघडलं. बाहेर भोईर सर. चपला सवयीने काढून ठेवलेल्या, आत यायचं नसताना. बारीक झालेले, शर्ट खांद्यावरून उतरलेला. त्यांनी गॉजची पिशवी पुढे केली, काकूंनी घेतली. मला त्यांनी पाहिलं, माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं आणि बोटाने खूण केली, गाठ कडेला घे.

"कोण आहे गं?" मास्तरांनी आतून विचारलं.

काकूंनी सरांकडे पाहिलं. "कोणी नाही," त्या म्हणाल्या.

सरांनी मान डोलावली, बरोबर आहे, अशी. चपला घातल्या आणि वळले. काकू दार लावायला लागल्या.

"दार लावू नकोस," मास्तर म्हणाले. छताकडे बघत होते. "तो खाली उतरेपर्यंत उघडं राहू दे. जिन्यात दिसत नाही."

काकूंनी दार सताड उघडलं, घरातला उजेड पायऱ्यांवर पडला. सर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचले असतील. त्यांची पावलं थांबली. ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही. पुढच्याच शुक्रवारी लॅबमध्ये पेशींचं पाणी बदलता बदलता ते खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत, त्यामुळे विचारायचंही राहून गेलं. मी पट्टी हातात धरून कान देऊन बसले होते. पावलं थोडा वेळ तिथेच थांबली आणि मग एकेक पायरी करत खाली गेली. बिल्डिंगचं लोखंडी फाटक वाजल्यावर मास्तर म्हणाले, "आता लाव."